पिवळ्या माळाचा भाव

पानमीटर खोटं बोलत नाही, हे वृषालीनंच गल्लीला शिकवलं होतं. त्यामुळे त्या सकाळी मीटरवर 'दोन' हा आकडा बघितल्यावर तिला स्वतःच्याच शिकवणुकीचा राग आला.

"काकी, दुसरं पान द्या बघू."

सुवर्णाकाकींनी वाफ्यातलं दुसरं पान खुडून दिलं. वृषालीनं ते मीटरच्या चिमट्यात धरलं. पुन्हा दोनच. मागच्या कापणीला याच वाफ्यातल्या पानाला नव्वद गुण पडले होते, आणि त्या पैशात नवा मिक्सर घेऊन काकींनी सगळ्या गल्लीला चटणी वाटली होती.

"मशिनला ऊन लागलंय काय गं?" काकींनी विचारलं.

"मशिनला नाही लागलं काकी. मलाच लागायची वेळ आलीय."

गोष्ट दोन हजार एक्केचाळीस सालातली, पण तिची पाळंमुळं त्याच्या बरीच आधीची. कोल्हापुरातली म्हसोबा गल्ली म्हणजे गवळ्यांची गल्ली. पुढं घर, मागं गोठा, आणि गोठ्यांच्या मागं म्हसोबाचा माळ. या माळावर एके काळी तेजोमय प्लेटिंग वर्क्स नावाचा कारखाना होता. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, गाड्यांचे बंपर, जे जे म्हणून चकाकायला हवं ते तिथं क्रोमच्या हौदात बुडून बाहेर यायचं. हौदातलं उरलेलं पाणी मालक मागच्या खड्ड्यात सोडायचा. कुणी विचारलंच, तर म्हणायचा, नुसतं धुणं आहे हो. पुढं कारखाना बुडाला, मालक परागंदा झाला, आणि माळावरच्या हापशाला हळदीसारखं पिवळं पाणी यायला लागलं.

त्या पाण्यानं आण्णांच्या, म्हणजे वृषालीच्या वडिलांच्या, चार म्हशी गेल्या. तरुणपणी आण्णांनी स्वतःही दोन वर्षं त्या हौदावर काम केलं होतं. त्याची खूण त्यांच्या बोटांवर आजही आहे. क्रोमनं पाडलेली गोल भोकं नंतर बुजली, पण खळगे राहिले. दूध काढायला बसले की नवी म्हैस त्या खडबडीत बोटांना बिचकून लाथ झाडायची. आण्णा हसून म्हणायचे, "तिचं काय चुकलं?"

आता गंमत बघा. माळाच्या तिन्ही बाजूंनी शहर वाढलं. पलीकडच्या इमारतीत दोन खोल्यांचे भाव ऐकून माणसाला घेरी यावी. आणि मधला हा माळ फुकट दिला तरी कुणाला नको! जो माळ घेणार, तो विषही घेणार. ते विष किती खोल गेलंय आणि काढायला किती खर्च येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कर्ज देणाऱ्याला तोट्याची एवढी भीती नसते. तोटा मोजता आला म्हणजे झालं. इथं मोजायचं कसं तेच कळत नव्हतं, म्हणून एकेक बिल्डर यायचा, माती तपासायचा आणि पुन्हा फोन उचलायचा नाही.

मग विद्यापीठातल्या डॉ. फिरोजा मुजावर यांनी नव्या जातीची मोहरी तयार केली. मोहरीला वाढीसाठी गंधक लागतं. मातीतलं विषारी क्रोमियम तिच्या मुळांना गंधकासारखंच वाटतं, त्यामुळे ती ते फसून आत ओढते. साध्या मोहरीत हे विष मुळातच अडकून बसतं. फिरोजामॅडमनी तिच्या जनुकांत असा बदल केला, की ते थेट पानात चढावं, झाड मरू नये, आणि पीक बाराही महिने यावं. पानं कापायची, बंद भट्टीत जाळायची, राखेतून धातू काढून विकायचा. मातीतलं विष कमी, वर चार पैसे. गल्लीनं तिचं नाव ठेवलं चाटमोहरी.

आणि वृषालीनं त्या मोहरीला जोडून पैशाची वाट काढली. ती गवळ्याची पोर, पुण्यात वित्ताचं शिक्षण घेऊन आठ वर्षं कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात घालवलेली. तिच्या डोक्यात आलं, की दूध संस्थेत फॅट बघून पैसे देतात, तसंच इथं करावं. माळाचे वाफे पाडायचे, एकेक वाफा एकेका घराला द्यायचा, पान मीटरला लावायचं, आणि धातूच्या गुणाप्रमाणे दर कापणीला बिल. हे गल्लीला एका बैठकीत कळलं. मुंबईच्या नवभूमी फंडालाही पटलं, कारण गुण मोजता येत होते. फंडानं साडेअकरा कोटी दिले, त्यातून माळ गल्लीच्या नावावर झाला आणि काम सुरू झालं. सगळा माळ स्वच्छ झाला की तिथं बाजारपेठ आणि घरं उभी राहायची, आणि भाड्यातून कर्ज फिटायचं.

करारातलं एक कलम मात्र कडक होतं. लागोपाठ दोन कापण्यांत गुण ठरलेल्या आकड्याच्या खाली गेले, तर फंड माळ ताब्यात घेणार, तोही विषारी जमिनीच्या कवडीमोल भावानं. शिवाय तारण म्हणून गल्लीतले सगळे गोठे. हे कलम फंडानं घातलेलं नव्हतं. चांगला दर मिळावा म्हणून वृषालीनंच ते सुचवलं होतं. मोहरीवर तिचा तेवढा भरवसा होता. सह्या करायच्या दिवशी लोक जरा कचरले, तेव्हा आण्णाच पुढं झाले. "माझी पोरगी म्हणत्या, म्हंजे झालं," असं म्हणून त्यांनी पहिली सही ठोकली, आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागून.

ती सही आता तिच्या उरावर बसली होती.

कमी गुण आधी फक्त म्हसोबाजवळच्या वाफ्यांत पडले. सुवर्णाकाकींचा वाफा त्यातलाच. वृषालीनं बी बदललं, पाणी बदललं, कीड तपासली. पीक कसं, तर दृष्ट लागावी असं! कंबरेपर्यंत वाढलेलं, गर्द हिरवं. पण पानात धातूचा पत्ता नाही.

गल्लीनं मग गल्लीला सुचेल ते केलं.

झालं होतं असं. गवळ्यांच्या या गल्लीत अमावास्येचं दूध विकत नाहीत. सकाळी सगळ्या गोठ्यांतलं दूध पोराटोरांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, आणि उरेल ते म्हसोबाच्या दगडावर ओतायचं. कारखान्यानं भिंत घातली तेव्हा म्हसोबा आत अडकला आणि ही रीत तुटली. कामाला सुरुवात करताना भिंत पाडली, तेव्हा लोकांनी बुलडोझर थांबवून आधी त्याला शेंदूर लावला. तेव्हापासून अमावास्येचं दूध पुन्हा सुरू झालं. करारात लिहिलं होतं, की परवानगीशिवाय मातीत काही घालायचं नाही. पण देवाला वाहिलेलं दूध म्हणजे मातीत काही घालणं, हे वृषालीच्याही डोक्यात आलं नाही, मग इतरांची काय कथा!

पानं रुसली तसे बायकांनी नवस बोलले. म्हसोबाच्या दगडावर तर दूध वाढलंच, पण प्रत्येकीनं आपापल्या वाफ्यालाही ताक घालायला सुरुवात केली. "माळाला थंडावा पाहिजे," हे सुवर्णाकाकींचं निदान. मग कुणी ताक, कुणी नासलेलं दूध, कुणी खरवसाचं पाणी. गोठ्यांची गल्ली ती, तिथं दुधाला काय तोटा? आणि जसजसा नवस वाढला, तसतसे गुण उतरत गेले. गुण उतरले की नवस वाढायचा. श्रावणातली कापणी गेली. नवरात्रातली कापणी त्याहून वाईट गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी फंडाचा अधिकारी सौमित्र देवधर मुंबईहून आला. पुण्यात तो आणि वृषाली एकाच टेबलावर बसत. माणूस वाईट नव्हता, उलट जरा जास्तच सभ्य होता. चहाही त्यानं अर्धाच घेतला.

"वृषाली, माझ्या हातात काही नाही गं. दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुदत संपते. तोवर सगळी रक्कम परत केलीत तर माळ तुमचा. नाहीतर ताबा."

"विषारी माळ घेऊन तुम्ही काय करणार?"

"कुंपण घालून ठेवणार. वीस वर्षांनी कधीतरी दुसरं तंत्र येईल." तो थोडा थांबला. "आणि गोठ्यांची जागा मात्र स्वच्छ आहे. ती लगेच विकणार. तुला खोटं नाही सांगत."

तो गेला आणि वृषाली तडक माळावर निघाली. जाताना तिला म्हसोबापाशी आण्णा दिसले. हातात दुधाची कॅन. तिरीमिरीत ती धावतच तिथं पोचली. चिडली की तिच्या तोंडातलं पुण्याचं 'जाते-येते' पळून जायचं आणि गल्लीतल्या पोरींचं 'जातो-येतो' परत यायचं.

"आण्णा, बास करा! मी सांगतो तुम्हाला, ह्या दुधानंच घात केलाय. अख्ख्या माळावर आंबूस वास मारतोय. फंडाच्या माणसाला कळलं तर करार मोडला म्हणून वर दंड लावतील!"

"दुधानं कुठं कुणाचं वाईट झालंय व्हय?"

"गोठे चाललेत आण्णा! चाळीस घरांचे गोठे! तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत!"

आण्णांनी कॅन खाली ठेवली. मग तिच्याकडं वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. तिला रडू फुटलं. रडता रडता ती दगडाशेजारच्या जुन्या हापशाकडं वळली. लाल रंग फासलेला, 'पाणी पिऊ नये' असं लिहिलेला हापसा. वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. दगडावरचं, वाफ्यावरचं ते सगळं दूध धुऊन काढायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिनं दांडा धरला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. आधी नुसती करकर, मग खाकरल्यासारखा आवाज, मग गंजाचं तांबूस पाणी, आणि मग कॅनच्या झाकणात धार पडली.

वृषाली दांडा तसाच धरून उभी राहिली.

"आण्णा, हे बघा."

"काय?"

"पिवळं नाही."

आण्णा वाकले. स्टीलच्या झाकणातलं पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. त्यांनी ते ओतून दिलं, झाकण धोतराला पुसलं, पुन्हा भरलं. पुन्हा नितळ. म्हातारा झाकण हातात घेऊन तिथंच बसला.

फिरोजामॅडम दोन तासांत आल्या. साठीच्या, ठेंगण्या, आणि बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची सवय. त्यांनी सुवर्णाकाकींच्या वाफ्यातली माती हुंगली, हापशाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात एका औषधाचे थेंब टाकले आणि वाट बघितली. काहीच झालं नाही. मग त्या माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या फाटकाजवळच्या खड्ड्याकडं गेल्या. तिथं वाफे नव्हते. तिथल्या पाण्यात तेच थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी क्षणात जांभळं झालं.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "बारा वर्षं मी मोहरी घडवली गं, आणि ताक जिंकलं!"

"मॅडम, मला कळेल असं सांगा."

त्या म्हसोबाच्या कट्ट्यावर बसल्या. "क्रोमियमची दोन रूपं असतात. एकाला आम्ही सहाचं म्हणतो, दुसऱ्याला तीनचं. सहाचं पाण्यात विरघळतं, पिवळं दिसतं, कातडीला भोकं पाडतं, फुप्फुसात गेलं तर कर्करोग करतं. तुमच्या आण्णांची बोटं त्यानंच खाल्लीत. तीनचं तसं नाही. ते मातीला घट्ट धरून बसतं, पाण्यात उतरत नाही, आणि त्याचा त्रास नसल्यात जमा. आता दूध-ताक मातीत गेलं की काय होतं? मातीतले जिवाणू त्यावर ताव मारतात. इतका, की आसपासचा प्राणवायू संपतो. मग खाल्लेलं पचवताना निघालेले इलेक्ट्रॉन टाकायला त्यांना दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे सहाचं क्रोमियम. त्याच्यावर इलेक्ट्रॉन पडले, की सहाचं तीनचं होऊन बसतं."

"आणि पानं?"

"मोहरी फक्त सहाचंच उचलते. उचलायला विषच राहिलं नाही, तर पानात येणार काय? आणि तुझा मीटर धातू किती ते सांगतो, कुठल्या रूपात आहे ते त्याला कळत नाही. मातीला लावलास तर तो आजही पूर्वीइतकाच आकडा दाखवेल."

वृषालीनं कपाळाला हात लावला. तिनं पैसे बांधले होते ते पानात आलेल्या विषाला. बादलीत किती पडलं तेवढं मोजलं, म्हैस बरी झाली का ते विचारलंच नाही. माळ बरा होत होता, आणि तिचा करार त्यालाच बुडणं म्हणत होता.

"पण पावसानं पातळ झालं नसेल कशावरून?"

"इतके पावसाळे झाले, झालं पातळ? आणि फाटकाजवळ पाऊस पडत नाही का? मळी, दह्याचं पाणी असलं काही घातलं की सहाचं तीनचं होतं, हे आमच्या पुस्तकात आहे गं. मीच धातूच्या मागं लागले होते, म्हणून इकडं बघितलं नाही. पण ती रिकामी पानं जपून ठेव. सगळ्या माळावर विष कुठं संपलंय, याचा त्याहून चांगला नकाशा नाही."

"परत उलटं फिरेल?"

"फार सावकाश फिरू शकतं. म्हणून दरवर्षी तपासायचं, आणि मधूनमधून ताक पाजत राहायचं. फाटकाचा कोपरा मात्र अजून राहिलाय. तिथं ताकानं भागणार नाही, टँकरच लागतील."

टँकर हा शब्द ऐकून वृषाली उठून उभी राहिली. जिल्ह्यातल्या दूध संस्थांना पनीरचं पाणी कुठं टाकायचं ही डोकेदुखी होती. ओढ्यात सोडलं तर गुन्हा, आणि शुद्ध करायचं तर खर्च. त्या पाण्यात दुधातली साखर असते, म्हणजे जिवाणूंना मेजवानीच की! शिवाय प्रत्येक संस्थेचा इमारत निधी जिल्हा बँकेत नुसता झोपलेला. त्या निधीतून फंडाचं कर्ज फेडायचं, पाण्यानं फाटकाचा कोपरा बरा करायचा, आणि त्या बदल्यात माळावरच्या बाजारपेठेत संस्थांना गाळे द्यायचे. एका दमात तिनं हे सगळं बोलून दाखवलं. फिरोजामॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.

"छान. पण एक विचार कर. संस्थांना पटवायचं तर पाणी चारचौघांत दाखवावं लागेल. म्हणजे फंडालाही कळणार. तुला पैसे उभे करता आले नाहीत, तर सोन्याच्या भावाचा माळ त्यांना कवडीत मिळेल. आज ते कुंपण घालून गप्प बसतील. तू गप्प राहिलीस, तर पुढं कधी वाटाघाट करून परत तरी घेता येईल."

खरंच होतं ते. वृषालीनं आण्णांकडं बघितलं. ते अजून हापशापाशीच बसले होते, आणि ओल्या हाताची बोटं उलटीसुलटी करून बघत होते.

"आण्णा, काय करू? तुम्ही म्हणाल तसं करते."

"लपवून ठिवायचं म्हणतीस?" आण्णा सावकाश म्हणाले. "त्या मालकानं हेच केलं. नुसतं धुणं हाय म्हणाला. विष लपवलं न्हवं त्यानं? मग आपण औषध लपवायचं व्हय? उगा काय तरीच. दाखव की सगळ्यास्नी. जायचं आसंल ते जाऊ दे, पण उजेडात जाऊ दे."

आणि मग हळूच पुढं म्हणाले, "सही मी तुझ्या शब्दावर केलीया. अजून मोडल्याली न्हाई."

पुढचे दिवस वृषालीनं गावोगावच्या दूध संस्थांचे उंबरे झिजवले. चेअरमन मंडळी चहा पाजायची, ऐकून घ्यायची, आणि "बघू" म्हणायची. कोल्हापूरकडच्या 'बघू'चे बरेच अर्थ असतात, आणि त्यातले बहुतेक वाईट. पण पनीरच्या पाण्याचं नाव काढल्यावर ते सावरून बसायचे. शेवटी पंधरा संस्थांनी सभा बोलावून ठराव घातले, आणि प्रत्येक ठरावात एकच अट घातली: पाडव्याला येऊ, पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघू, मग पैसे. त्या हापशाचं पिवळं पाणी जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ते नितळ झालंय हे ऐकून कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळ्यांचा रुबाब बघावा. म्हशींची शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, गळ्यात गोंडे, पाठीवर नक्षी. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं पळत. आता गाड्या विजेच्या, आवाज नाही, म्हणून तरण्या पोरांनी भोंग्यात जुन्या मोटारसायकलींचा फटफटाट भरून ठेवला होता. दरवर्षी ही मिरवणूक रस्त्यावर निघायची. यंदा ती म्हसोबाच्या माळावर वळली, आणि तिच्यामागून निम्मं शहर आलं.

चेअरमन लोक पुढच्या खुर्च्यांवर. सौमित्र एका बाजूला उभा, हातात फोन. त्याला वृषालीनंच बोलावलं होतं.

फिरोजामॅडमनी दोन मोठे काचेचे चंबू मांडले. एकात फाटकाच्या खड्ड्यातलं पाणी, दुसऱ्यात हापशाचं. हापशाचं पाणी उपसायला पन्हाळ्याकडच्या एका संस्थेचे चेअरमन स्वतः उठले, हातचलाखी नको म्हणून. मॅडमनी दोन्हीत थेंब टाकले. पहिल्या चंबूतलं पाणी बघता बघता जांभळं झालं. गर्दीतून 'आई गं' असा सूर आला. दुसऱ्या चंबूकडं सगळे टक लावून बघत राहिले. मॅडमनी आणखी थेंब टाकले, चंबू हलवला, उन्हात धरला. पाणी होतं तसंच राहिलं.

"तीन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल इथं आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण माणसांनी अजून वर्षभर हे प्यायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही."

पन्हाळ्याचे चेअरमन चंबूपाशी आले, वाकून बघितलं, मागं सरले. मग म्हणाले, "मॅडम, गप्पा खूप ऐकल्या. मला एक सांगा, हे खरं असंल तर जनावर तोंड लावंल का? जनावराला कळतंय."

वृषाली काही बोलायच्या आत मागं गलका झाला. आण्णांची म्हैस, लक्ष्मी, पळून पळून तापलेली, कासरा हिसडून थेट हापशाकडं निघाली होती. हापशाखालच्या दगडी डोणीत चेअरमननीच उपसलेलं पाणी साठलं होतं. ही त्याच चार म्हशींच्या वंशातली. गल्लीत वासराला चालता यायला लागलं की पहिली शिकवण असायची, हापशाकडं फिरकायचं नाही. लक्ष्मीनं डोणीवर मान खाली घातली. नाकपुड्या फुगवल्या. हुंगलं. कुणी तरी फटफटाटाचा भोंगा बंद केला.

आण्णा तिला आवरायला धावले नाहीत. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान डोलावली. "जनावराच्या पाण्याचा दाखला आलाय. पिऊ दे."

लक्ष्मीनं तोंड बुडवलं आणि घटाघटा प्यायला लागली. डोण रिकामी झाली तशी मान वर करून तिनं हापशाकडं असं बघितलं, की पाणी द्यायला एवढा उशीर का, असंच जणू तिला विचारायचं होतं.

मग जो आरडाओरडा झाला! फेटे उडाले, भोंगे वाजले, सुवर्णाकाकींनी म्हसोबाला मिठीच मारली. पन्हाळ्याच्या चेअरमननी तिथंच फोन काढून बँकेला आदेश दिला, आणि बाकीचे चौदा एकमेकांच्या पुढं होऊन. पाडव्याच्या मुहूर्तावर आपला पैसा आधी पडला पाहिजे, ही चढाओढ लागली. दुपारच्या जेवणाआधी सौमित्रच्या फोनवर फंडाचं सगळं कर्ज व्याजासकट जमा झाल्याचा निरोप आला. गोठे सुटले. माळ सुटला.

सौमित्रनं निरोप दोनदा वाचला. मुंबईहून त्याच्या साहेबांचे फोनवर फोन येत होते. तो उचलत नव्हता.

"वृषाली, ही म्हशीची चाचणी आपल्या करारात नव्हती," तो हसून म्हणाला.

"पुढच्या करारात घालू."

"माझे साहेब आता मुद्दलाच्या दुप्पट देऊन भागीदारी मागतील बघ."

"मागू देत. चहा पूर्ण पिऊन जा यावेळी."

नवा करार वृषालीनं दोन दिवसांत लिहिला. यावेळी पैसे धातूच्या गुणांना बांधले नव्हते. दरवर्षी पाणी तपासायचं, ते स्वच्छ निघालं तर वाफ्यावाल्यांना वाटा, नाहीतर आधी दुरुस्ती. चाटमोहरी राहणारच होती, राखण करायला. तिचं पान रिकामं, तर सगळ्यांचं पोट भरलेलं. आणि देखभालीच्या कलमात एक ओळ होती, जी वाचून संस्थांचे वकील आधी बुचकळ्यात पडले आणि मग त्यांनी मुकाट्यानं मान्य केली. दर अमावास्येचं दूध माळाला द्यायचं, आणि ते देणं गल्लीचा हक्क राहील.

सही करायला आण्णांना बोलावलं तेव्हा ते हापशापाशी होते. त्यांनी दांडा ओढला आणि दोन्ही हात धारेखाली धरले. पाणी बोटांच्या खळग्यांतून, मनगटावरून, कोपरापर्यंत ओघळत गेलं. ते हात बाहेर काढेनात.

"आण्णा, सही," वृषाली म्हणाली.

"थांब की गं. चाळीस वर्षं झाली या पाण्यानं हात धुतल्याला." मग त्यांनी ओला हात तिच्या गालाला लावला. "बघ, गार हाय."

वृषालीनं मान फिरवली नाही. त्याच ओल्या हातानं त्यांनी पेन घेतलं, आणि पहिली सही पुन्हा आण्णांचीच झाली.